नटामागचे लाल ठिपके

माझ्या धाकट्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आपल्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी : "हे उस्मानभाई. साखळ्या ताणायचं काम करतात." एका वयस्कर बाईंनी माझ्याकडे जरा सावधपणे पाहिलं. हा माणूस तुरुंगात नोकरीला होता की काय, असा संशय त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. मी खुलासा करायला गेलो, तेवढ्यात बिर्याणीची ताटं आली आणि खुलासा राहून गेला. तो आज करतो.

नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं गॅरेज होतं. छत्तीस वर्षं मी माल उचलणाऱ्या मशीनची दुरुस्ती केली. फोर्कलिफ्ट तुम्ही पाहिली असेल, पुढे लोखंडाचे दोन दात असतात ती. तिची मोठी बहीण म्हणजे लांब हाताचं मशीन. त्या हाताला आम्ही बूम म्हणतो. जुन्या रेडिओची एरियल कशी एका नळीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी बाहेर येते, तसा हा बूम लांब होतो. फक्त नळ्यांच्या जागी लोखंडाच्या तीन चौकोनी पेट्या असतात, एकात एक बसवलेल्या. दुसऱ्या पेटीला तेलाच्या दाबाचा जॅक ढकलतो. तिसरीला मात्र एक चेन ओढून बाहेर काढते आणि दुसरी चेन ओढून आत घेते. बूम वर उभा केला की तिसऱ्या पेटीचा आणि तिच्यावरच्या मालाचा सगळा भार बाहेर काढणाऱ्या चेनवर येतो. माणसं वर पाहून म्हणतात, काय ताकद आहे मशीनची. त्यांना ती चेन दिसत नाही, कारण ती बूमच्या पोटात असते.

ही चेन सायकलच्या चेनसारखी नाही. पोलादाच्या चपट्या पट्ट्या एकीला एक लावून पिनांनी ओवलेल्या असतात. तिच्या टोकाला बोल्ट, बोल्टवर नट. नट आवळला की चेन ताणली जाते. इथेच सगळी गोम आहे. चेन सैल असली तर तिसरी पेटी मागे रेंगाळते आणि मग धाडकन झटका देते. फार ताणली तर पिना झिजतात, पुल्या झिजतात, चेनचं आयुष्य कमी होतं. म्हणून मधोमध थोडा झोळ ठेवायचा असतो. किती, ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि स्केल लावून मोजायचं असतं.

मी स्केल लावत नसे. माझ्या उस्तादांनी मला कान दिला होता. चेनवर पान्याने टिचकी मारायची. टणटणीत आवाज आला तर जास्त ताण, थप्प आला तर सैल, आणि या दोघांच्या मधला एक भरीव आवाज असतो, तो आला की झालं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मला 'कानवाला मिस्त्री' म्हणत. हे नाव मी स्वतःहून कोणाला सांगत नसे, पण कोणी घेतलं तर अडवतही नसे.

एकदा पिंपळगावच्या रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजच्या मालकांनी बोलावलं. त्यांच्या फोर्कलिफ्टवर ठेवलेले क्रेट नेहमी डावीकडे कलायचे. जमीनच उताराची आहे, असं त्यांच्या मेव्हण्याने सांगितलं होतं. मेव्हण्याचा शब्द मोडवेना म्हणून त्यांनी कोबा फोडून नवा केला होता. नव्या कोब्यावरही क्रेट डावीकडेच. मी फोर्कलिफ्टचे दात उचलणाऱ्या दोन्ही चेनवर टिचकी मारली. एक बोलत होती, एक कण्हत होती. सैल होती तिचा नट अर्धा फेरा फिरवला आणि दात सरळ झाले. मालक बराच वेळ कोब्याकडे बघत राहिले. मेव्हणे त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत, असं नंतर कळलं.

अशा गोष्टींनी माणूस फुगतो. मीही फुगलो होतो.

काशिनाथ गावित मला भेटला तो याच फुगलेल्या दिवसांत. तो सुरगाण्याकडच्या डोंगरातला. भात झोडून झालं की गावातल्या इतरांसारखा बायकोपोरींना घेऊन जीपमध्ये दाटीवाटीने बसून द्राक्षबागांच्या कामाला खाली यायचा. पावसाच्या तोंडावर पुन्हा वर. पुढे दिलीपअण्णांकडे लागला. अण्णा बांधकामाला मशीन भाड्याने देत. आधी मशीन धुवायचा, मग हळूहळू चालवायला शिकला. अण्णांनी त्याला लांब हाताच्या मशीनवर कायम ऑपरेटर केलं, तेव्हा त्याच्या घरात पहिल्यांदा असं झालं की कोणालाच जीपमध्ये बसावं लागलं नाही. दोन्ही पोरी एकाच शाळेत वर्षभर बसल्या. गावित फार बोलत नसे, पण ही गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली होती.

ते मशीन जुनं होतं, दुसऱ्या कोणाकडून घेतलेलं. पोळ्याच्या सुमाराला गावितचा फोन आला की तिसरी पेटी झटका मारते. मी गेलो, टिचकी मारली, नट आवळला, झटका गेला. मी खाली उतरतो तोच हा वर चढला आणि खिशातून छोटी बाटली काढून नटाच्या मागे बोल्टवर काहीतरी लावू लागला. पाहतो तर बायकोची नेलपॉलिश. लालभडक. मी म्हटलं, "गावित, मशीनला मेंदी कधी काढायची?" तो हसला. कशासाठी लावतोस, हे मी विचारलं नाही. मिस्त्रीने ऑपरेटरला विचारायचं म्हणजे काय?

दसऱ्याला पुन्हा तेच. दिवाळी होऊन तुळशीची लग्नं लागली तेव्हा पुन्हा. मी दर वेळी कानाने नट आवळला आणि दर वेळी तो माझ्यामागून चढून नवा लाल ठिपका लावून आला. मार्गशीर्षात, त्यांच्याकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो त्या दिवसांत, चौथ्यांदा बोलावलं. या खेपेला नट नेहमीइतका फिरला आणि चेन पुरती ताणली जायच्या आत अडला. बोल्टवरचे आटे, म्हणजे नट ज्यांवरून फिरतो त्या वळणदार खाचा, संपले होते. पुढे आटे नसलेला गुळगुळीत दांडा. नट आणखी आत जायला जागाच नव्हती.

गावित शेजारी उभा होता. अडलेल्या नटामागे त्याने चौथा ठिपका लावला. तो म्हणाला, "चाचा, विहिरीचा दोर लांबला तर आम्ही त्याला गाठी नाय मारत बसत. दोर बदलतो."

मी त्याला सांगितलं की तुझ्या विहिरीचा दोर आणि ही चेन एक नाही. नवी चेन पुण्याहून यायची, तोवर मशीन उभं राहिलं असतं आणि अण्णांची सगळी कामं हंगामाच्या तोंडावर आली होती. मग मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती केली. पाईपचा बोटभर तुकडा कापला, नट पूर्ण काढला, तो तुकडा बुश म्हणून बोल्टवर सरकवला आणि त्याच्यामागे नट पुन्हा लावला. आता नटाला आवळायला पुन्हा सगळे आटे मोकळे झाले. ही युक्ती द्वारकेच्या प्रत्येक मिस्त्रीला येते आणि प्रत्येकाला ती आपणच शोधली असं वाटतं. नट काढताना त्यात लाल लाल कपचे आले. मी ते चिंधीने पुसून टाकले. टिचकी मारली. आवाज असा भरीव आला की उस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

यात मी काय केलं, ते बाहेरच्या माणसासाठी सांगतो. चेन नुसती सैल होत नाही. पिना झिजतात आणि चेन खरोखर लांब होते. बोल्टवर आटे मोजूनमापूनच दिलेले असतात. ते संपले म्हणजे आता नट आवळू नका, चेन मोजा, असं बनवणाऱ्याने तिथे लिहूनच ठेवलेलं असतं. मी बुश घालून ते लिहिलेलं झाकलं होतं. कान ताण ओळखतो. चेन किती झिजली, हे त्याला कळत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण आवाज चांगला येत होता.

पुढच्याच महिन्यात अण्णांनी ओझरच्या पुढे एका द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या शेडचं काम घेतलं. द्राक्षं तोडायला आली होती आणि छपरावर पत्रे नव्हते. लोखंड वर चढवून झालं. मग पत्रे ठोकायला बूमच्या टोकाला लोखंडी कठड्याचा पाळणा लावला आणि त्यात चार माणसं बसवून वर न्यायची, असं ठरलं. गावितने चावी काढून खिशात टाकली. माल उचलतो, म्हणाला, माणसं नाय.

अण्णांचा मला फोन आला. ते तापट माणूस, पण वाईट नव्हते. त्यांनी दुसरा ऑपरेटर बोलावून ठेवला होता. मी फक्त येऊन मशीन ठीक आहे एवढं सांगायचं होतं. मग ते गावितचा हिशेब करून त्याला कामावरून काढणार होते.

मी पोचलो तेव्हा चार माणसं कमरेला पट्टे बांधून पत्र्यांच्या थप्पीवर बसली होती. नवा ऑपरेटर मशीनला टेकून उभा होता. गावित त्याच्यापासून दूर, हात मागे बांधून. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण नेहमीसारखं 'या चाचा' म्हणाला नाही.

"मिस्त्री, सांगा याला," अण्णा म्हणाले.

मी चढलो. टिचकी मारली. भरीव आवाज. तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून पुन्हा मारली, हेही कबूल करतो. खाली उतरून म्हटलं, "आवाज चांगला आहे."

"आवाज चांगलाच हाय," गावित म्हणाला. "बुश काढून दाखवा."

मला राग आला. एवढ्या जुन्या मिस्त्रीला चार माणसांसमोर काल मशीन धुणारा माणूस बुश काढायला सांगतो. रागारागातच मी बूम आडवा करून घेतला, चेन ढिली केली, नट काढला आणि बुश ओढून बाजूला केला. बोल्टवर वरवरचं लाल माझ्या चिंधीने गेलं होतं, पण आट्यांच्या खाचांत नेलपॉलिश शाबूत होती. चार लाल रेघा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तेवढी लांबलेली चेन.

गावितने बोट ठेवून दाखवलं. हा पोळ्याचा, हा दसऱ्याचा, हा दिवाळीनंतरचा, हा डोंगऱ्यादेवाचा. सणांमधले दिवस कमी कमी होत गेले होते आणि रेघांमधलं अंतर मात्र कमी झालं नव्हतं. चेन दिवसेंदिवस जास्त वेगाने लांबत होती, हे कोणालाही कळेल असं ते होतं. मी गुपचूप टेप काढला आणि जे पोळ्याला करायला हवं होतं ते आता केलं. ठरलेल्या पिनांमधली चेन मोजली. पुस्तकातल्या मापाच्या ती केव्हाच पलीकडे गेली होती. मग रॉकेलच्या बोळ्याने ग्रीस पुसलं, तेव्हा पुलीजवळच्या दोन पट्ट्यांना केसाएवढी चीर दिसली. मी बोळा खाली ठेवून मागे पाहिलं. ती चार माणसं माझ्या मागेच बसली होती. त्यांच्यातला एक तंबाखू मळत होता.

मी अण्णांना सांगितलं, चेन गेली, आज काम होणार नाही. अण्णांनी चिरा पाहिल्या. आणि मग ते माझ्यावर नाही, गावितवर उखडले. मशीन रोज तपासायचं काम ऑपरेटरचं. चार-चार ठिपके लावत बसलास आणि तोंड उघडलं नाहीस? माणसं मेली असती म्हणजे? ते खरोखर घाबरले होते, म्हणून जास्त ओरडत होते. गावितने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याने माझं नाव घेतलं नाही.

मी गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. हे लिहिताना सोपं वाटतं, पण त्या वेळी मी गप्प राहण्याच्या फार जवळ होतो. मला त्या जीपची आठवण झाली, ज्यात त्याच्या घरचं आता कोणी बसत नव्हतं.

"अण्णा, तो बोलला होता," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. आटे संपले तेव्हा त्याने चेन बदला म्हणून सांगितलं आणि मी बुश घालून ते झाकलं. चूक माझी आहे."

अण्णांनी बुश उचलून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला. मग त्यांनी नव्या ऑपरेटरला जायला सांगितलं. गावितला म्हणाले, नवी चेन येईपर्यंत मशीन उभं आणि तूही इथेच. माझ्याशी ते पुढे कित्येक दिवस बोलले नाहीत आणि त्यांची बाकीची कामं दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. त्याचं मला वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं. पॅकहाऊसवाल्यांनी निम्म्या भागावर ताडपत्री ताणून त्याखाली द्राक्षं भरली. द्राक्षांचं काही अडलं नाही.

नवी चेन आली तेव्हा बसवायला दुसरा मिस्त्री बोलवायचा असं अण्णांनी ठरवलं होतं. गावितने हट्ट धरला की चाचाच बसवतील. अण्णांनी कारण विचारलं, तर म्हणाला, "चुकलेला माणूस दोनदा मोजतो."

मी तीनदा मोजलं. बाहेर काढणारी आणि आत घेणारी अशा दोन्ही चेन बदलल्या, पुल्या पाहिल्या, बूम पूर्ण बाहेर काढून थोडा आत घेतला, स्केल लावून झोळ पुस्तकाप्रमाणे ठेवला, नट हलू नये म्हणून लॉकनट लावला. टिचकीही मारली, पण शेवटी आणि फक्त हौसेपोटी. गावितने नटामागे पहिला ठिपका लावला. मग पाळण्यात वाळूच्या गोण्या ठेवून वर-खाली करून पाहिलं. सगळं ठीक होतं. मी हात पुसायला लागलो.

"आता तुम्ही बसा," गावित म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण त्याने पाळण्याचं दार उघडून धरलं होतं. "आधी तुम्ही. मग मी माणसं बसवतो."

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तोवरच्या इतक्या वर्षांत शेकडो मशीनचे नट आवळूनही मी एकदाही कुठल्या पाळण्यात बसलो नव्हतो. शिंप्याने कधी आपण शिवलेला सदरा घालू नये तसं. कमरेला पट्टा बांधला आणि बसलो. दुसरी पेटी निघाली तोवर ठीक होतं. तिसरी सरकायला लागली तेव्हा पायाखाली बारीक थरथर आली आणि मी कठडा घट्ट धरला. मी त्या नटाचा विचार करत होतो. लॉकनट आवळला का, नक्की आवळला का, पाना कुठे ठेवला. वरून द्राक्षबागा दिसत होत्या आणि त्यांच्यापलीकडे डोंगर, पण मी पाहिलं ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की ज्यांचा विचार मी टिचक्या मारताना कधी केला नव्हता, अशा सगळ्या माणसांपुढे मला लाज वाटली. खाली आलो तेव्हा गावितने दार उघडलं, पाणी दिलं आणि ती चार माणसं बसवली.

तेव्हापासून मी नियम केला. बूमची चेन बदलली की वाळूच्या गोण्यांनंतर पहिला मी वर जायचो. गिऱ्हाइकं हसायची. एका कंत्राटदाराला वाटलं, मला वरून प्लॉट बघायचेत. आणि माझ्या पेटीत पान्यांबरोबर लाल नेलपॉलिशची बाटली राहू लागली. द्वारकेच्या दुकानातल्या ताई पहिल्यांदा म्हणाल्या, काका, भाभींना हा रंग फार भडक होईल. मी म्हटलं, भाभी काळ्या आहेत, ग्रीसने माखलेल्या आहेत, त्यांना हाच शोभतो. पुढे त्या न विचारता तीच बाटली काढून देऊ लागल्या. अण्णांचाही राग वर्षभरात निवळला. त्यांच्या सगळ्या मशीनच्या बोल्टवर आता ठिपके आहेत आणि शेजारी वहीही आहे, कारण गावितची थोरली पोर सगळ्या ऑपरेटरांना तारीख लिहायला लावते. ती अण्णांच्याच ऑफिसात कामाला आहे. सणांवर तिचा भरवसा नाही.

मी गॅरेज बंद केलं त्याला आता काही दिवस झाले. गुडघे ऐकत नाहीत. बुशचा तो तुकडा मी घरी ठेवला आहे, नातवंडं त्यात पेन्सिली खोचतात. यंदा खंडेनवमीच्या आधी गावितचा फोन आला. त्याच मशीनचे शेवटचे थोडे आटे उरले होते. संपायची वाट न बघता त्याने चेन मोजली होती, नवी मागवली होती, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेल्या मिस्त्रीने ती बसवलीही होती. मी विचारलं, मग माझं काय काम?

"पाळण्यात बसायला या," तो म्हणाला.

गेलो. अण्णांच्या आवारात मशीन धुऊन, झेंडू लावून उभं होतं. झेंडूचा हार चेनपासून लांब बांधलेला होता, ते मी आधी पाहून घेतलं. नटामागे एकच ताजा लाल ठिपका होता. नव्या मिस्त्रीने स्केल कुठे लावलं ते मला दाखवलं. मी त्याला टिचकी मारून दाखवली नाही, मोह झाला तरी. गावितने हात देऊन मला पाळण्यात चढवलं, पट्ट्याचा हूक स्वतः ओढून पाहिला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत.

दांड्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "चाचा, भीती वाटते का?"

"वाटते," मी म्हटलं.

"मग बरोबर हाय," तो म्हणाला आणि त्याने दांडा ओढला.